देसाईगंजची फिर्याद : मथुरा प्रकरणाचा अभ्यास

मथुरा प्रकरण बहुतेक वेळा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सांगितलं जातं. ठाण्यातच एका मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपातून १५ सप्टेंबर १९७८ला दोन पोलिस निर्दोष सुटले, त्यावरून देशभर वादळ उठलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. हे सगळं खरंच आहे. पण अत्याचार झाला असं सांगणारी मुलगी सर्वांत आधी न्यायाधीशांसमोर उभी राहिली नव्हती. आधी ती उभी राहिली गावच्या डॉक्टरसमोर, मग ठाण्यातल्या हवालदारासमोर आणि दुसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसमोर. या प्रत्येकाने तिच्या सांगण्याचं काय केलं हे पाहिलं, तर दिल्लीत लागलेल्या निकालाची मुळं देसाईगंजात सापडतात. म्हणून हे प्रकरण इथे खालून वर असं मांडलं आहे.

मथुरा हे नाव निकालपत्रात आहे आणि प्रकरण त्याच नावाने ओळखलं जातं, म्हणून ते वापरलं आहे. तिच्या घरच्यांची आणि साक्षीदारांची नावं इथे नकोत.

ती ठाण्यात का गेली होती

देसाईगंज म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली गडचिरोली जिल्हा झाला नव्हता आणि हा सगळा भाग चंद्रपुरात मोडत होता. मथुरा आदिवासी घरातली, आईवडील नसलेली मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भाऊ मजुरी करायचा, तीही करायची. ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची, त्या बाईच्या बहिणीच्या मुलाशी तिची ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही. त्याने ठाण्यात जाऊन तक्रार दिली, की त्या मुलाने आणि त्याच्या नातेवाइकांनी आपल्या बहिणीला पळवून नेलं.

ही बाब घाईने ओलांडून जाण्यासारखी नाही. मथुरा त्या रात्री फिर्यादी म्हणून ठाण्यात गेलीच नव्हती. दुसऱ्याने केलेल्या तक्रारीचा विषय म्हणून तिला तिथे आणलं गेलं होतं. तिने कुणावर प्रेम करावं याचा निवाडा करायला घरच्यांनी ठाण्याचा दरवाजा ठोठावला होता. गावोगावच्या ठाण्यांत आजही ‘मुलगी पळवली’ अशा तक्रारी येतात. त्यांतल्या कितीतरी तक्रारींमागे मुलगी स्वतःच्या मर्जीने निघून गेलेली असते. अशी मुलगी ठाण्यात पाऊल टाकते तेव्हा तिच्या वागण्याबद्दल तिथल्या माणसांचं मत आधीच तयार असतं. पुढे तिच्यावर काही अन्याय झाला आणि तिने तोंड उघडलं, तर ते मत तिच्या शब्दाच्या आडवं येतं. मथुराच्या बाबतीत ते सत्र न्यायालयापर्यंत आडवं आलं.

२६ मार्च १९७२ला रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं गेलं. हवालदाराने मथुराची आणि त्या मुलाची जबानी घेतली. साडेदहाच्या सुमारास काम आटोपलं, तेव्हा त्याने भावाला मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला सांगितली आणि तो स्वतः घरी गेला. बाकीचेही निघाले. तेवढ्यात शिपाई गणपत आणि तुकाराम हा दुसरा हवालदार यांनी मथुराला थांबायला आणि इतरांना बाहेर जायला सांगितलं.

त्यानंतरचा भाग मथुराच्या सांगण्यानुसार असा : गणपतने तिला ठाण्याच्या मागच्या बाजूच्या संडासाकडे नेलं, तिच्या विरोधाला न जुमानता तिच्यावर बलात्कार केला, नंतर तुकाराम आला, त्याने तिच्या शरीराशी चाळे केले, पण तो दारूच्या अमलाखाली होता आणि त्यापुढे जाऊ शकला नाही. बाहेर भाऊ, ती बाई आणि तो मुलगा वाट पाहत होते. ठाण्यातले दिवे गेलेले आणि दार आतून बंद, हे पाहून त्या बाईला शंका आली. ती मागच्या बाजूला जाऊन हाका मारू लागली. मुलगी आत नाही, ती केव्हाच गेली, असं तिला सांगण्यात आलं. हाका ऐकून माणसं जमली. थोड्या वेळाने मथुरा बाहेर आली आणि काय झालं ते तिने तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

तिने क्षणाचाही उशीर लावला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. अशा प्रकरणांत ‘इतके दिवस गप्प का बसली?’ हा प्रश्न हटकून येतो. इथे तो विचारायला जागाच नव्हती.

फिर्याद कशी लिहिली गेली

लोकांनी तिला आधी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पोलिसात फिर्याद द्यायला सांगितलं. सल्ला बरोबर होता, पण ज्या इमारतीतून ती नुकतीच बाहेर पडली होती त्याच इमारतीत तिला परत जायचं होतं. जिच्या आत अत्याचार झाला तीच जागा तक्रार लिहून घेणार आणि लिहून घेणारा आरोपींच्याच बरोबर रोज काम करणारा, अशी ही परिस्थिती होती. त्या काळी दुसरी वाट नव्हती. ठाण्यात महिला पोलिस असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

घरी गेलेल्या हवालदाराला बोलावून आणलं गेलं. तो आला तेव्हा ठाण्यासमोरचा जमाव खवळलेला होता. गणपतला मारण्याची आणि ठाणं पेटवून देण्याची भाषा सुरू होती. हवालदाराने लोकांना समजावून पांगवलं आणि मगच मथुराची जबानी घेतली. तीच पुढे प्रथम खबर (एफआयआर) म्हणून नोंदली गेली.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची नोंद हीच आहे. जमाव नसता, मथुरा एकटीच डोळे पुसत घरी गेली असती आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आली असती, तर त्या हवालदाराने आपल्याच दोन सहकाऱ्यांविरुद्ध फिर्याद लिहून घेतली असती का? या प्रश्नाचं होकारार्थी उत्तर देताना जीभ अडखळते. एका अनाथ आदिवासी मुलीच्या शब्दाला त्या रात्री वजन आलं ते मागे माणसं उभी होती म्हणून. पुढच्या पन्नास वर्षांत कायद्यात झालेले अनेक बदल हे त्या जमावाची जागा कशाने भरून काढायची, या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत असं मला वाटतं.

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला रात्री आठ वाजता झाली. म्हणजे घटनेनंतर सुमारे वीस तासांनी. अंगावर जखमा नव्हत्या. योनिपटल पूर्वीच फाटलेलं असल्याचा आणि दोन बोटं सहज आत जात असल्याचा शेरा लिहिला गेला. वय चौदा ते सोळा असावं असा अंदाज दिला गेला. पुढे रासायनिक तपासणीत मथुराच्या कपड्यांवर आणि गणपतच्या पायजम्यावर वीर्याचे डाग आढळले. शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत आढळले नाहीत.

या अहवालातला बोटांचा शेरा घटनेबद्दल काहीच सांगत नव्हता. त्या रात्री काय घडलं, कुणी केलं, तिच्या मर्जीने की मर्जीविरुद्ध, यांतलं काहीही त्यातून कळणं शक्य नव्हतं. त्यातून जे सूचित होत होतं ते फक्त तिच्या पूर्वायुष्याबद्दल. आणि न्यायालयाने उचललं नेमकं तेच.

वयाचंही तसंच. तेव्हा संमतीचं वय सोळा होतं. मुलगी सोळाच्या आतली आहे हे सिद्ध झालं असतं, तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. घटनेच्या अगदी थोडा वेळ आधी, त्याच ठाण्यात, त्याच हवालदाराने तिच्या जन्मनोंदीची नक्कल मागितली होती. म्हणजे वय हा कळीचा मुद्दा आहे हे पोलिसांना ठाऊक होतं. तरी खटल्यात वय सोळाच्या आत असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ज्या कागदाने सगळा खटला फिरला असता, त्याची जागा दोन वर्षांच्या फरकाच्या अंदाजाने घेतली.

चंद्रपूर, नागपूर, दिल्ली

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ला दोन्ही आरोपींना सोडलं. या निकालातली भाषा आज वाचताना अंगावर काटा येतो. मथुरा धडधडीत खोटं बोलणारी आहे, तिची साक्ष विसंगतींनी भरलेली आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पण त्याच निकालात हेही आहे, की ठाण्यात तिचा शरीरसंबंध आला आणि तो बहुधा गणपतशीच आला, इथपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवता येईल. शरीरसंबंध आणि बलात्कार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं म्हणून बलात्काराचा आरोप मात्र फेटाळला गेला. मग तिने बलात्काराचं का सांगितलं? न्यायाधीशांनी शक्यता मांडली : बाहेर तिचा प्रियकर होता, ती बाई रागावलेली होती, आपण एका शिपायाला राजीखुशीने शरीर दिलं हे त्यांच्यासमोर कबूल कसं करणार? शीलवती दिसण्यासाठी तिने गोष्ट रचली असावी.

आरोपींचा बचाव असा नव्हता, हे इथे पाहण्यासारखं आहे. त्यांनी आरोप सरसकट नाकारला होता. तिची संमती होती, असं म्हणण्यासाठी आधी संबंध झाल्याचं कबूल करावं लागलं असतं. ते त्यांनी केलं नव्हतं. संमतीची कथा न्यायालयाने स्वतःहून तयार करून आरोपींच्या हातात दिली. वीर्याच्या डागांचंही तसंच : मथुराला संबंधांची सवय आहे, गणपतही नवखा नाही, दोघांच्या कपड्यांवरचे डाग दुसऱ्या कुणामुळेही पडलेले असू शकतात. डॉक्टरांचा तो बोटांचा शेरा इथे कामाला आला. तपासणीच्या टेबलावर लिहिलेली एक ओळ दोन वर्षांनी निकालपत्रात तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन उभी राहिली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर १९७६मध्ये हा निकाल फिरवला. गणपतला पाच वर्षं सक्तमजुरी आणि तुकारामला विनयभंगाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. नागपूरने काही नवा पुरावा शोधला नव्हता. त्यांनी फक्त वेगळा प्रश्न विचारला. ही मुलगी या दोघांना ओळखत नव्हती. भावाने केलेल्या तक्रारीत ती अडकलेली होती. रात्रीची वेळ, ठाण्याची जागा, समोर वर्दीतली माणसं. अशा मुलीने स्वतःहून पुढाकार घेतला असेल हे संभवतच नाही. पुढाकार आरोपींचाच असणार. आणि भीतीपोटी शरीर सोडून देणं म्हणजे इच्छा नव्हे. नाइलाजाने पत्करलेली शरणागती आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरावर वीर्य सापडलं नाही याचंही खंडपीठाने साधं कारण दिलं : तपासणी वीस तासांनी झाली, मध्ये तिने आंघोळ केली असेल.

इतकं सरळ होतं ते. कायद्याचं पुस्तक तेच, कलमं तीच, साक्षी त्याच. एका न्यायालयाने मुलगी कशी आहे ते पाहिलं, दुसऱ्याने खोलीत सत्ता कुणाच्या हातात होती ते पाहिलं. १९८३च्या दुरुस्तीआधी भारतीय न्यायाधीशांना हे दिसणं शक्यच नव्हतं, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला नागपूरचा निकाल वाचायला द्यावा.

सर्वोच्च न्यायालयात न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांचं पीठ होतं. निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिलं. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते कायद्याच्या अहवालांत नोंदलेलं आहे. अंगावर जखमा नाहीत, त्यावरून हा संबंध शांततेत झालेला दिसतो आणि जोरदार विरोध केल्याची कथा खोटी आहे, असं त्यात म्हटलं. गणपतने तिला थांबवलं तेव्हा तिचा भाऊ आणि इतर जवळच होते. तिने तेव्हाच ओरडून त्यांना का बोलावलं नाही, असाही तर्क होता. कायद्यातली भीती म्हणजे मृत्यूची किंवा इजेची भीती. तशी भीती सिद्ध झालेली नाही, म्हणून भीतीपोटीची शरणागती हा नागपूरचा मुद्दा टिकत नाही. तुकारामबद्दल तिने फिर्यादीत सांगितलेलं आणि न्यायालयात सांगितलेलं जुळत नाही, म्हणून तोही सुटला.

‘ओरडली का नाही’ हा प्रश्न घडीभर मनात घोळवून पाहावा. कुणाला हाक मारायची होती तिने? त्याच भावाला, जो तिच्याविरुद्धच्या बाजूने ठाण्यात आला होता? आणि कुणापासून वाचवायला? पोलिसांपासून? वर्दीतल्या माणसाने ‘तू थांब’ म्हटल्यावर मजुरी करणारी चौदा-सोळा वर्षांची मुलगी थांबते. देसाईगंजातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने हे सांगितलं असतं. जखमांचंही असंच आहे. रात्री, बंद ठाण्यात, पोलिसाच्या हातात सापडलेल्या मुलीने मार खाऊन दाखवला असता तरच तिचं खरं, ही अट माणुसकीला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही.

चार अध्यापकांचं पत्र

निकाल लागला आणि वर्षभर काहीच झालं नाही. १६ सप्टेंबर १९७९ला दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अशी जाहीर आणि टोकदार टीका कायद्याच्या अध्यापकांनी करणं तेव्हा सोपं नव्हतं. पत्रातला मुख्य युक्तिवाद नागपूरच्या निकालाशी नातं सांगणारा होता : संमतीत शरणागती असू शकते, पण शरणागती म्हणजे संमती नव्हे, या प्रकरणात सिद्ध झाली आहे ती शरणागती. लग्नाआधीच्या संबंधांबद्दलची आपली नापसंती इतकी तीव्र आहे का, की तिच्यामुळे पोलिसांना कोवळ्या मुलींवर बलात्कार करण्याचा परवाना मिळावा, असा थेट सवाल त्यांनी केला. मथुराचं वय, तिची गरिबी, रात्री तिला ठाण्यात बोलावणं, यांबद्दल निकालात चकार शब्द नाही याकडेही त्यांनी लक्ष वेधलं.

यानंतर १९८० उजाडलं आणि रस्ते भरले. मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा स्त्रियांचा गट उभा राहिला. नागपुरात सीमा साखरे स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या प्रश्नावर झटत होत्या, त्या मथुराच्या बाजूने उभ्या राहिल्या. ८ मार्च १९८०च्या महिला दिनी अनेक शहरांत मोर्चे निघाले. खटला पुन्हा चालवा, ही त्यांची मागणी होती. खटला पुन्हा चालला नाही. पण कायदा आयोगाने त्याच वर्षी आपला ८४वा अहवाल दिला आणि १९८३मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

दुरुस्तीने चार गोष्टी केल्या. पोलिस, सरकारी नोकर, तुरुंग आणि रुग्णालयातले अधिकारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा गुन्ह्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरून चालायचं, हे पुरावा कायद्यात कलम ११४-अ घालून ठरवलं. खटला बंद दाराआड चालवण्याची तरतूद आली आणि पीडितेची ओळख छापणं गुन्हा झाला. कलम ११४-अ वाचताना जणू देसाईगंजचं ते ठाणंच समोर ठेवून ते लिहिलं आहे असं वाटतं. हे कलम १९७२ साली असतं, तर चंद्रपूरच्या न्यायाधीशांनी मान्य केलेल्या वस्तुस्थितीवरूनच निकाल उलटा लागला असता. मथुराला मात्र त्याचा उपयोग नव्हता. तिचा खटला संपला होता.

जे १९८३मध्ये सुटलं

त्या दुरुस्तीने खटल्यातला पुरावा मजबूत केला. ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचलेली बाई आणि टेबलापलीकडचा अंमलदार यांच्यात काय घडतं, तो भाग बराचसा जसाच्या तसा राहिला. ‘साहेब बाहेर गेलेत’, ‘आमच्या हद्दीत येत नाही’, ‘उद्या या’, ‘एनसी घेऊन टाकतो’ (म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद), ‘लग्न जमवून टाका, कशाला बदनामी’ ही वाक्यं ज्यांनी कुणासोबत ठाण्याची पायरी चढली आहे त्यांना पाठ असतील. दुरुस्तीनंतरही पुरावा कायद्यात पीडितेचं चारित्र्य काढण्याची मुभा देणारं कलम १५५(४) होतं. ते २००३ उजाडताना गेलं.

दोन बोटांची तपासणी त्याहून चिवट निघाली. ती थांबवण्याच्या लढ्यात विदर्भाचा वाटा आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासणीला शास्त्रीय आधार नाही हे अभ्यासाने दाखवलं आणि प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ही तपासणी पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. तरीही ती चालूच राहिली. शेवटी ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं, की यापुढे अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मथुराच्या अहवालातल्या त्या ओळीनंतर पन्नास वर्षांनी.

ठाण्याच्या टेबलाकडे कायद्याचं लक्ष गेलं ते २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, म्हणजे पुन्हा रस्त्यावर लोक उतरल्यावर. न्या. जे. एस. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३च्या दुरुस्तीत प्रथमच अशी तरतूद आली, की बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. उपचार नाकारणारं रुग्णालयही शिक्षेला पात्र झालं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या निकालाला उत्तर म्हणावी अशी ओळ बलात्काराच्या व्याख्येत आली : स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं समजायचं नाही. त्याच वर्षी ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या, गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे हे पक्कं केलं.

एवढं असूनही ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, विशेष पथक नेमलं गेलं आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तक्रार वेळेवर न घेणं हा तोवर अकरा वर्षं गुन्हा होता. हे वाचताना मला देसाईगंजच्या ठाण्यासमोरचा तो जमाव आठवल्याशिवाय राहत नाही. जमाव प्रत्येक वेळी जमत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. एकटीदुकटी बाई, वस्तीवरची, पालावरची, ऊसतोडीच्या फडातली, तिच्यामागे कोण जमणार? आणि जमलेला जमाव कधी न्याय मागतो, कधी सूड. त्याच्यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

आजची मथुरा पंधरा वर्षांची असेल तर तिचं प्रकरण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली येईल. संमतीचं वय आता अठरा आहे, त्यामुळे ‘राजीखुशीने’ हा शब्दच न्यायालयात उच्चारता येणार नाही. तिची जबानी घेणारी शक्यतो महिला अधिकारी असेल, गणवेशात नसेल आणि मुलीच्या घरी किंवा तिला हवं तिथे जाईल. पण या कायद्याची दुसरी धारही सांगायला हवी. तिच्या भावाने तशीच तक्रार आज दिली, तर ज्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे तो मुलगाच पॉक्सोत अडकेल. मुलीला ठाण्यात ओढून नेणारी ती पहिली वाट बंद झालेली नाही, उलट रुंदावली आहे.

सोबत जाणाऱ्यांसाठी

१ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता इत्यादी) लागू आहेत. कलमांचे आकडे बदलले, वरच्या तरतुदी बहुतांश तशाच आल्या. देसाईगंजात त्या बाईने मारलेल्या हाकांनी जे काम केलं ते आज सोबत गेलेल्या एका माणसाला करता येतं, पण त्यासाठी काही गोष्टी तोंडपाठ हव्यात.

घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. तक्रार स्त्रीची असेल तर महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची. लिहिलेलं वाचून दाखवायला लावावं, तिच्या तोंडचे शब्द बदलले असतील तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावेत; फिर्याद आणि साक्ष यांतल्या फरकावर आरोपी सुटतात हे या प्रकरणात दिसलंच. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. वैद्यकीय तपासणी खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत व्हायला हवी. त्याआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदात गुंडाळून ठेवावेत. तपासणी आणि उपचार सरकारी किंवा खाजगी कुठल्याही रुग्णालयात मोफत आहेत. तपासणीसाठी तिची संमती लागते आणि नकोशा तपासणीला ती नाही म्हणू शकते. वयाचा प्रश्न असेल तर शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद त्याच दिवशी शोधायला लागावं.

ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी करून टपालाने जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवावी, कारण न्याय संहितेच्या कलम १९९खाली तो नकार हाच एक गुन्हा आहे.